मानमोडीत माणसं नेमकी कशानं गेली?

गेल्या अंकात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे लोक जिला मानमोडी म्हणत त्या साथीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांची विचारणा एकच आहे: फ्लूसारख्या तापानं इतकी माणसं गेली तरी कशी? माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी विभागात, सूक्ष्मदर्शकापाशी गेली. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जवळचा आहे. त्यातली चार पत्रं इथे घेते.

प्रश्न : आमचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यातलं. माझ्या पणजोबांचे दोन धाकटे भाऊ मानमोडीच्या साथीत एकापाठोपाठ गेले. दोघंही पंचविशीच्या आतले, तालमीत जाणारे. आजी सांगायची, ताप उतरला होता, त्यातला मोठा तर उठून बैलांना वैरण घालून आला. दोन दिवसांनी हुडहुडी भरून पुन्हा ताप चढला, बरगडीत कळ यायला लागली, धाप लागली आणि संपलंच. फ्लू आम्हालाही होतो. तेव्हाचा विषाणू इतका जहाल होता का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या आजींनी सांगितलेलं एखाद्या वहीत लिहून ठेवा, ही पहिली विनंती. ताप उतरला, माणूस उठला, कामाला लागला आणि मग हुडहुडी भरून दुसरा ताप आला. हा क्रम त्यांनी फार नेमका लक्षात ठेवला आहे. पहिला ताप इन्फ्लुएन्झाचा होता. त्या दोघांचा जीव घेतला तो बहुधा दुसऱ्या तापानं. तो ताप न्यूमोनियाचा, आणि त्यातही जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा.

विषाणू जहाल होता, यात शंका नाही. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापानं पडले, तिथून साथ शहरभर झाली. ती पहिली लाट त्यामानानं सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली तेव्हा मात्र चित्र पालटलं. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तिथून रेल्वेच्या वाटेनं साथ गावोगाव गेली. हिंदुस्थानात मिळून सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत, असे अंदाज आहेत. आपल्याकडे जनगणना सुरू झाल्यापासून १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

तेव्हाच्या डॉक्टरांना इन्फ्लुएन्झाचा विषाणू ठाऊकच नव्हता. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये रुग्णांच्या कफात एक जिवाणू पाहिला आणि हाच इन्फ्लुएन्झाचं कारण आहे असं जाहीर केलं. १९१८ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा तोच शोधत होत्या. कुठे तो सापडे, कुठे त्याऐवजी दुसरेच जिवाणू सापडत. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू लंडनमध्ये १९३३ मध्ये वेगळा काढला गेला आणि मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. सगळे मृत्यू विषाणूच्या नावावर टाकले गेले. १९१८ मध्ये शवविच्छेदन करणाऱ्यांनी इमानेइतबारे लिहून ठेवलेल्या हजारो नोंदी कपाटात पडून राहिल्या. मला याचं आजही वाईट वाटतं. त्यांचं कारण चुकलं होतं, पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं.

त्या नोंदी २००८ मध्ये पुन्हा उघडल्या गेल्या. मॉरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१८-१९ मध्ये मरण पावलेल्या ५८ जणांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे नव्यानं तपासले. शिवाय त्या काळातले १०९ अहवाल जमवले. त्यात मिळून ८,३९८ शवविच्छेदनांची माहिती होती. निष्कर्ष असा की बहुसंख्य मृत्यूंमध्ये शेवटचा घाव जिवाणूंच्या न्यूमोनियानं घातला होता. आणि हे जिवाणू कोणते? न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस आणि फायफरनं पाहिलेला हिमोफिलस. यातला एकही परका नाही. चांगल्या धडधाकट माणसांच्या नाकात, घशात ते एरवीही असतात. कुंपण मोडायचा अवकाश, गुरं बांधावर आधीपासून उभीच होती.

हे कुंपण कसं मोडतं, तेही सांगते. आपल्या श्वासनलिकेला आतून पेशींचं अस्तर असतं आणि त्या पेशींवर अतिशय बारीक केस असतात. ते एका लयीत हलत राहतात आणि धूळ, जंतू, चिकट कफ सतत वर घशाकडे ढकलत राहतात. इन्फ्लुएन्झाचा विषाणू नेमक्या याच पेशींमध्ये वाढतो आणि त्यांना मारतो. दोन-तीन दिवसांत अस्तर सोलून निघतं, खाली पेशींचा एखादा थर उरतो. त्या उघड्या पृष्ठभागाला जिवाणू सहज चिकटतात. विषाणूकडे न्यूरामिनिडेज नावाचं एक विकर असतं. पेशींवरचं साखरेचं आवरण ते कापून काढतं. त्यामुळे न्यूमोकोकसला धरायला जागा मिळते आणि सुटलेली साखर त्याला खायलाही मिळते. फुप्फुसाच्या तळाशी जंतू गिळणाऱ्या पेशी पहाऱ्याला असतात, त्या या काळात कमी होतात आणि उरलेल्या मंदावतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की विषाणू दिल्यानंतर साधारण आठवड्यानं न्यूमोकोकस दिला, तर तो सर्वांत घातक ठरतो. आता १९१८ च्या नोंदी पाहा. ताप आल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ बऱ्याच ठिकाणी सात ते अकरा दिवसांच्या आसपास निघतो. तुमच्या पणजोबांच्या भावांचा हिशोब याच्याशी जुळतो.

२००९ च्या स्वाईन फ्लूच्या साथीत आमच्या विभागात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची एक काच आली होती. तिशीतला रिक्षाचालक होता, मृत्यूनंतर सुईनं घेतलेला त्याच्या फुप्फुसाचा तुकडा. निरोगी फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ रिकामं दिसतं. नाजूक भिंतींची जाळी, मध्ये हवेची जागा. या काचेवर रिकामी जागा शोधावी लागत होती. वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, पू-पेशींनी गच्च भरलेले, मधून गोठलेल्या रक्तद्रवाचे गुलाबी धागे. जिवाणू दिसावेत म्हणून वापरतात तो ग्रॅम रंग दिल्यावर त्या पुवात गडद जांभळ्या ठिपक्यांचे घोस दिसले. स्टॅफिलोकोकस. माझी नजर मात्र एका कडेच्या बारीक श्वासनलिकेवर खिळली. तिथे सोललेल्या जागेवर नव्या चपट्या पेशींचा एक थर सरकत पुढे येत होता. म्हणजे विषाणूनं केलेली जखम शरीर भरून काढत होतं आणि त्याच वेळी शेजारचा भाग जिवाणूंनी भरला होता. १९१८ च्या काचांवरही हेच दिसल्याचं त्या २००८ च्या अभ्यासात नोंदवलं आहे. बैलांना वैरण घालायला उठलेल्या माणसाच्या छातीत काय चाललं असेल, ते मला त्या काचेवरून कळतं.

सगळेच असे गेले नाहीत, हेही सांगायला हवं. काही जण दोन-तीन दिवसांतच गेले. ओठ, कान, चेहरा निळा-जांभळा पडलेला, तोंडातून रक्ताळ फेस. त्यांच्या फुप्फुसात पू नव्हता, पाणी आणि रक्त होतं. तिथे विषाणूनंच थेट वायुकोशांवर हल्ला केला होता. १९५७ च्या साथीत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा निव्वळ विषाणूच्या न्यूमोनियाचं वर्णन केलं. त्यातले कित्येक रुग्ण संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप अरुंद झालेले होते. आपल्याकडे हा झडपेचा आजार अजून आहे, आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायकांमध्येही तो आढळतो. १९१८ मध्ये गरोदर बायका मोठ्या संख्येनं गेल्या. तरुण माणसं इतकी का गेली, याला अनेक स्पष्टीकरणं दिली जातात, एकावर एकमत नाही.

प्रश्न : मला फोनवर एक संदेश आला. त्यात लिहिलं आहे की १९१८ मध्ये फ्लूनं कोणी मेलंच नाही, डॉक्टरांनी बेसुमार अॅस्पिरिन दिल्यामुळे फुप्फुसात पाणी होऊन माणसं मेली. खाली कुठल्या तरी अमेरिकी डॉक्टरांचा हवाला आहे. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हवाला खरा आहे, पण त्यावर चढवलेला निष्कर्ष खोटा. कॅरन स्टार्को या अमेरिकी डॉक्टरांनी २००९ मध्ये एक लेख लिहिला. १९१८ मध्ये ताप उतरवण्यासाठी दिवसाला ८ ते ३१ ग्रॅम अॅस्पिरिन देण्याची शिफारस होत होती, हे त्यांनी दाखवलं. आज मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. इतक्या मोठ्या मात्रेनं श्वास जलद होतो, काहींच्या फुप्फुसात पाणी जमतं. त्यामुळे अमेरिकेतल्या काही मृत्यूंना अॅस्पिरिननं हातभार लावला असेल, असं त्यांचं म्हणणं आहे. ते विचार करण्याजोगं आहे.

पण सगळ्यात जास्त माणसं कुठे गेली? हिंदुस्थानात. कोरेगावच्या, बीडच्या, खानदेशातल्या खेड्यांत त्या वेळी अॅस्पिरिन कोणी पाहिलंही नव्हतं. ज्यांच्या घरी सुंठ-मिऱ्याच्या काढ्यापलीकडे औषध नव्हतं, त्यांच्या मृत्यूचा हिशोब अॅस्पिरिननं लागत नाही. असे संदेश पुढे पाठवू नका. पुढच्या साथीत कोणीतरी त्यावर विश्वासून दवाखान्यात जायला उशीर करेल.

प्रश्न : जिवाणू सगळीकडे तेच, विषाणू तोच, मग इंग्लंडपेक्षा आपल्याकडे मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त का? आपल्या लोकांची प्रतिकारशक्तीच कमी होती का?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : तुमचा प्रश्न मी जरा मोठा करून घेते, कारण फरक फक्त देशादेशांत नव्हता, एकाच शहरातही होता. मुंबईतल्या १९१८ च्या साथीचे समाजवार आकडे उपलब्ध आहेत. दर हजारी युरोपियनांत ८.३ मृत्यू. पारशांत ९. सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२. आणि ज्यांना त्या नोंदींत खालच्या जातींचे हिंदू म्हटलं आहे, त्यांच्यात ६१.६. तेच शहर, तीच हवा, तेच महिने. युरोपियनांच्या सातपटीहून अधिक.

जातीनुसार फुप्फुस बदलत नाही. मी आयुष्यभर काचा पाहिल्या. काचेखाली माणसाची जात दिसत नाही, भूक मात्र दिसते. त्या साली पाऊस फसला होता. युद्धामुळे धान्य आधीच महाग, त्यात दुष्काळ, आणि पोटासाठी माणसं खेड्यांतून मुंबईकडे येत होती. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसं. नाका-घशातले जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जायला याहून सोयीची जागा नाही. अमेरिकी लष्करी छावण्यांत त्याआधीच्या हिवाळ्यात गोवर आला होता, आणि गोवरातून उठणारे जवान स्ट्रेप्टोकोकसच्या न्यूमोनियानं गेले होते. तीही गर्दीचीच करामत. एका बराकीत घातक जिवाणू शिरला की तो सगळ्या खाटांवर फिरतो.

आणखी एक कारण आहे, त्याच्याकडे मी नेहमी लक्ष वेधते: पाणी देणारं माणूस. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, सल्फाची औषधंसुद्धा १९३५ नंतरची. म्हणजे गव्हर्नरच्या बंगल्यातल्या रुग्णालाही जिवाणूवर औषध मिळत नव्हतं. मग फरक कशानं पडला? शुश्रूषेनं. ऊन अंथरूण, पेज, पाणी, कूस बदलून देणारा हात आणि दुसरा ताप येईपर्यंत पडून राहण्याची मुभा. ज्याची रोजची मजुरी रोज पोटात जाते, तो ताप उतरला की दुसऱ्या दिवशी कामावर जातो. ज्या घरात सगळेच एकदम आडवे झाले, तिथे चुलीवर पाणी ठेवायलाही कोणी उभं नव्हतं. तेव्हा शहरांत स्वयंसेवकांनी घरोघरी दूध, औषध, घोंगड्या पोचवल्या, तात्पुरती रुग्णालयं उघडली. ती माणसं न्यूमोनियाच्या नेमक्या कारणाला हात घालत होती, जरी त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता.

तेव्हा प्रतिकारशक्ती कमी होती असं म्हणून थांबू नका. ती कमी कोणी आणि कशी केली, हे मुलांना इतिहासाच्या तासाला जरूर सांगा. आकडे वर दिलेच आहेत.

प्रश्न : न्यूमोनिया जिवाणूंमुळे होतो हे खरं असेल, तर फ्लू झाल्या दिवशीच अँटिबायोटिक का देत नाहीत? आमचे डॉक्टर फक्त पॅरासिटामॉल आणि आराम सांगतात. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे. घरच्यांनी कशाकडे लक्ष ठेवायचं? लशीचा उपयोग होतो का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, आणि आधीपासून दिल्यानं न्यूमोनिया टळेल याची खात्री नसते. उलट औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे शिल्लक राहतात आणि पुढे न्यूमोनिया झालाच तर तो त्या हट्टी जिवाणूंचा होतो. १९५७ च्या साथीत पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसनं रुग्णालयांत असाच त्रास दिला होता.

शिवाय प्रत्येक मृत्यूमागे जिवाणू असतोच असंही नाही. २००९ मध्ये अमेरिकेत स्वाईन फ्लूनं दगावलेल्या ७७ जणांची फुप्फुसं तपासली, त्यात २२ जणांमध्ये जिवाणू सापडले. म्हणजे तीनातल्या एकापेक्षा थोडे कमी. बाकीच्यांत मुख्य काम विषाणूनं केलं होतं. भारतातला त्या साथीचा पहिला मृत्यू पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा, ऑगस्ट २००९ मधला. त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी झालेलं ऑसेल्टामिविर हे औषध विषाणूवरचं आहे, आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. सासूबाईंचं वय आणि मधुमेह पाहता, साथीच्या दिवसांत त्यांना ताप-खोकला आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि या औषधाबद्दल विचारा. "दोन दिवस वाट बघू" हे तुमच्या-माझ्या वयाला चालेल, त्यांना नाही.

लक्ष कशाकडे ठेवायचं? सर्वांत आधी दुसऱ्या तापाकडे. ताप उतरून एक-दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा हुडहुडी भरून ताप आला, तर "अशक्तपणा असेल" म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कफ पिवळा, गंजाच्या रंगाचा किंवा रक्ताळ झाला, श्वास घेताना बरगडीत सुईसारखी कळ आली, ओठ-नखं निळसर दिसली, तरीही तेच. घड्याळ लावून एक मिनिटभर श्वास मोजा. मोठ्या माणसाचे ते तीस किंवा त्याहून जास्त भरले तर गंभीर समजा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोरोनानंतर घरोघरी आहे, त्यात आकडा ९४ च्या खाली राहत असेल तर थांबू नका. वयस्कर माणसांत एक फसवी गोष्ट होते: ताप फारसा चढत नाही, खोकलाही जेमतेम, पण माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, जेवण टाकतो. मधुमेह्याची साखर एकाएकी वाढते. सासूबाई सुनेला दुसऱ्याच नावानं हाक मारायला लागल्या तर ते वयाचं लक्षण मानू नका, आधी छाती तपासून घ्या.

घरात तान्हं मूल असेल तर त्याचं पोट उडतंय का, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का, हे अंगावरचा कपडा वर करून बघा. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक, हे न्यूमोनियाचं लक्षण धरतात. दूध ओढायचं सोडलं तर मोजत बसूही नका.

लशीचा उपयोग होतो. दोन वेगळ्या लशी आहेत आणि त्या दोन वेगळ्या वाटा अडवतात. एक फ्लूची, ती दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू जोर धरतो, म्हणून मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला घेतलेली बरी. दुसरी न्यूमोकोकसची. ती बाळांना आता सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना. नातवंडांच्या कार्डावर ती टोचल्याची नोंद आहे का ते आजच पाहा, कारण बाळाच्या नाकातला न्यूमोकोकस आजीच्या छातीत जाऊ शकतो. मोठ्यांसाठीच्या न्यूमोकोकसच्या लशी वेगळ्या येतात, त्या विकत घ्याव्या लागतात. सासूबाईंचं वय आणि मधुमेह, दोन्ही कारणं त्यांना लागू आहेत. पुढच्या वेळी साखर तपासायला न्याल तेव्हा डॉक्टरांना विचारून त्यांची ही लस ठरवून टाका. दोन्ही लशी एकाच भेटीत, दोन वेगळ्या दंडांवर घेता येतात.